स्प्रेडशीटमधील माहितीवरून आलेख काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब ठेवणाऱ्यांना, शाळांतील शिक्षकांना आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना मी स्प्रेडशीट शिकवतो. वर्ग संपल्यानंतर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उभ्या मांडणीसाठी ‘रकाना’ आणि आडव्या मांडणीसाठी ‘ओळ’ हे शब्द वापरले आहेत, कारण ‘स्तंभ’ म्हटले की तो शीटमधला की आलेखातला, हा गोंधळ होतो. उदाहरणांतील भाव आणि वजने समजावण्यापुरती घेतलेली आहेत. मार्गदर्शन मुख्यतः एक्सेलसाठी आहे, आणि गूगल शीट्स व लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

१. आलेख काढण्याआधी शीटमध्ये माहिती कशी मांडलेली असावी?

एका नोंदीला एक ओळ आणि एका गोष्टीला एक रकाना असावा. बाजारभावाच्या नोंदवहीत तारीख, बाजार, कांद्याचा प्रकार, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे सात रकाने पुरतात. एकक शीर्षकात लिहावे, घरात (म्हणजे सेलमध्ये) लिहू नये. शीर्षकात ‘आवक (क्विंटल)’ असावे आणि घरात फक्त ४५० असावे. घरात ‘४५० क्विं.’ असे टंकले, की संगणकाच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकुराचा स्तंभ शून्य उंचीचा उभा राहतो.

आकडा खरोखर आकडा आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे, संरेखन आपण बदललेले नसेल तर आकडे घराच्या उजव्या कडेला जातात आणि मजकूर डाव्या कडेला चिकटतो. देवनागरी अंकांत टंकलेल्या किंवा दुसरीकडून चिकटवलेल्या रकान्यांची ही परीक्षा आधीच करावी. एकत्र केलेली घरे, मध्येच सोडलेल्या रिकाम्या ओळी आणि तळाशी जोडलेली ‘एकूण’ची ओळ यांपैकी काहीही आलेखाच्या निवडीत येऊ देऊ नये. एकूणचा स्तंभ एकदा आत शिरला, की बाकीचे सगळे त्याच्या पायाशी बसतात.

२. सर्वांत सोप्या रीतीने आलेख कसा काढायचा?

शीर्षकासह माहिती निवडावी आणि ‘इन्सर्ट’मधील ‘रेकमेंडेड चार्ट्स’ उघडावे. निवडीनंतर ऑल्ट आणि एफ१ एकत्र दाबल्यास त्याच शीटवर आलेख येतो, तर केवळ एफ११ दाबल्यास तो स्वतंत्र शीटवर येतो. एकमेकांना लागून नसलेले रकाने हवे असतील, तर पहिला निवडून कंट्रोलची कळ दाबून ठेवावी आणि मग दुसरा निवडावा. दोन्ही निवडी सारख्याच लांबीच्या असाव्यात. गूगल शीट्समध्ये आणि कॅल्कमध्ये ‘इन्सर्ट’खाली ‘चार्ट’ आहे.

३. कोणत्या माहितीसाठी कोणता आलेख निवडावा?

याचे उत्तर माहितीपेक्षा आपण विचारत असलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, म्हणून आलेखाचे शीर्षक आधी लिहावे आणि आलेख नंतर काढावा, असे मी वर्गात सांगतो. ‘जून ते सप्टेंबर कांद्याचा भाव कसा बदलला’ या शीर्षकाला रेषालेख लागतो, कारण काळ वाहता आहे. ‘कोणत्या तालुक्यातून किती द्राक्षे आली’ याला स्तंभालेख हवा. तालुक्यांची नावे लांब असतील तर तो आडवा काढावा, म्हणजे ‘त्र्यंबकेश्वर’ तिरके वाचण्यासाठी मान वाकवावी लागत नाही. त्यात तालुके वर्णानुक्रमे न लावता मोठ्याकडून लहानाकडे लावावेत.

दोन हंगामांची तुलना असेल तर जोडस्तंभालेख घ्यावा. एकूण मालातील प्रतवारी दाखवायची असेल तर विभाजित स्तंभालेख, आणि एकूण वेगवेगळे असताना केवळ प्रमाण दाखवायचे असेल तर शतमान स्तंभालेख घ्यावा. ही नावे आपण शाळेच्या गणितातच शिकलेली असतात. एक्सेल त्यांना अनुक्रमे ‘क्लस्टर्ड’, ‘स्टॅक्ड’ आणि ‘हंड्रेड पर्सेंट स्टॅक्ड’ म्हणते. दोन मोजमापांचा परस्परसंबंध पाहायचा असेल, उदाहरणार्थ द्राक्षाच्या मण्यांचा आकार आणि गोडी, तर ‘स्कॅटर’ (बिंदूंचा आलेख) निवडावा. येथे रेषालेख निवडला तर आडव्या अक्षावरील आकडे केवळ नावे समजली जातात आणि १६ व १७ मधले अंतर १७ व २२ मधल्या अंतराइतकेच दिसते.

४. वरिष्ठांना प्रत्येक वेळी वृत्तालेखच हवा असतो. तो चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, पण त्याची जागा लहान आहे. वृत्तालेख १८०१ मध्ये विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने छापला. स्तंभालेख आणि रेषालेख त्यानेच १७८६ मध्ये वापरात आणले होते. पुढे १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की माणसाचा डोळा एका समान पायावरील लांबी जितकी अचूक जोखतो, तितका कोन जोखत नाही. २३ टक्के आणि २६ टक्के यांच्या पाकळ्या शेजारी ठेवल्या, तर मोठी कोणती हे आकडा वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

भाग दोन ते चार असावेत, त्यांची बेरीज खरोखर एक पूर्ण वस्तू असावी आणि एक भाग ठळकपणे मोठा असावा, या तीन अटी पाळल्या तर वृत्तालेख खुशाल काढावा. जिल्ह्याच्या १५ तालुक्यांचा वृत्तालेख मात्र कोणी मागितला, तर सोबत आडवा स्तंभालेख काढून दोन्ही समोर ठेवावेत. माझ्या अनुभवात वाद तेथेच मिटतो. त्रिमितीय वृत्तालेख कधीही काढू नये, कारण पुढची पाकळी आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

५. माझ्या आलेखात २०२२, २०२३, २०२४ या वर्षांचेच स्तंभ उभे राहिले. असे का होते?

पहिल्या रकान्यात वर्ष आणि दुसऱ्यात टनांतील उत्पादन असे असताना एक्सेलला दोन्ही आकडेच दिसतात, आणि ते वर्षालाही मोजमाप समजते. मग दोन हजारांच्या उंचीचे सारखे दिसणारे स्तंभ उभे राहतात आणि १२, १५, ९ टनांचे खरे स्तंभ त्यांच्या शेजारी जमिनीवर पडलेल्या काडीसारखे दिसतात. उपाय सोपा आहे. आलेख काढण्यापूर्वी वर्षाच्या रकान्याचे शीर्षक, म्हणजे डाव्या कोपऱ्यातील वरचे घर, रिकामे करावे. मग एक्सेल तो रकाना नावांचा समजते. आलेख आधीच झाला असेल तर ‘सिलेक्ट डेटा’मध्ये जाऊन वर्षाची मालिका (‘सिरीज’, म्हणजे आलेखात काढलेला आकड्यांचा एक संच) काढून टाकावी आणि आडव्या अक्षाच्या नावांसाठी तो रकाना निवडावा.

६. तारखा टाकूनही रेषा वेडीवाकडी का येते?

बहुतेक वेळा दोष आलेखाचा नसतो, संगणकाच्या प्रादेशिक मांडणीचा असतो. संगणकावर अमेरिकी मांडणी असेल तर ०५/०६/२०२४ ही ५ जून न राहता ६ मे होते. १३/०६/२०२४ ला तेरावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख होतच नाही, मजकूर म्हणून डावीकडे चिकटते. परिणामी जूनच्या पहिल्या १२ दिवसांचे भाव वर्षाच्या १२ महिन्यांत विखुरतात आणि उरलेले १८ दिवस तारीख म्हणून गणलेच जात नाहीत. रकान्यात अर्ध्या तारखा उजवीकडे आणि अर्ध्या डावीकडे दिसल्या, की हेच घडले आहे असे समजावे.

केवळ मजकूर झालेल्या तारखा ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर ‘डीएमवाय’ निवडून दुरुस्त होतात. उलटलेल्या तारखा मात्र आता खऱ्याच तारखा झालेल्या असल्याने त्या अशा दुरुस्त होत नाहीत. मूळ फाइल पुन्हा आणावी आणि आणतानाच त्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगावा. पुढे हा त्रास नको असेल तर विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ ही मांडणी ठेवावी आणि हाताने टंकताना महिना अक्षरांत लिहावा.

७. बाजार समिती बंद असलेल्या दिवशी काय लिहावे: शून्य, रेघ की काहीच नाही?

घर रिकामे ठेवावे. भाव शून्य होता असे नसून भाव नव्हताच, आणि शून्य लिहिले तर रेषा तळाला आपटून परत वर येते. रेघ किंवा ‘बंद’ हा शब्द लिहिला तरी मजकूर असल्यामुळे रेषालेखात तो शून्यावरच बसतो. रिकाम्या घराबाबत काय करायचे हे ‘सिलेक्ट डेटा’मधील ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’मध्ये ठरवता येते: खंड सोडायचा, शून्य धरायचे, की दोन टोके रेषेने जोडायची. भावाच्या रेषेसाठी मी जोडणे पसंत करतो आणि आवकेच्या स्तंभांसाठी खंड.

एक अपवाद फसवा आहे. एखाद्या सूत्राने घर रिकामे ‘दिसते’, पण त्यात रिकामा मजकूर असतो. आलेखात ते शून्य होते. अशा सूत्रात रिकाम्या अवतरणचिन्हांच्या जागी ‘एनए’ हे फलन द्यावे. रविवार आणि सुट्ट्यांच्या जागा आलेखात मुळीच नको असतील, तर अक्षाच्या मांडणीत ‘डेट ॲक्सिस’ऐवजी ‘टेक्स्ट ॲक्सिस’ निवडावा. मात्र मग दहा दिवसांचा खंडही एका दिवसाएवढाच दिसेल, हे लक्षात असू द्यावे.

८. शीटमध्ये मराठी नीट दिसते, पण आलेखात इंग्रजी अक्षरांचा काला का होतो?

ती नावे श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. अशा फाँटमध्ये आत इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. आलेखाचा फाँट वेगळा असल्यामुळे मुखवटा गळून पडतो. आलेखाला तोच फाँट दिला तर तात्पुरते भागते, पण ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे काला परत येतो. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये (ज्यात देवनागरी अक्षरेच साठवली जातात) बदलून घेणे आणि ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ वापरणे. बदलल्यानंतर निफाड, दिंडोरी, पिंपळगाव ही नावे डोळ्यांनी तपासावीत, कारण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि बदलताना ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसू शकते. त्र्यंबकेश्वर तर नेहमीच तपासावे.

९. महिने चुकीच्या क्रमाने का येतात, आणि वर्ष जानेवारीपासूनच सुरू करावे का?

मराठीत लिहिलेली महिन्यांची नावे संगणक वर्णानुक्रमे लावतो, म्हणून ऑक्टोबरनंतर ऑगस्ट येतो. ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘एडिट कस्टम लिस्ट्स’खाली आपली यादी एकदा भरून ठेवता येते. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे प्रत्येक महिन्याची पहिली तारीख खरी तारीख म्हणून ठेवून दाखवताना फक्त महिना दाखवणे.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतो, मागून रांगडा येतो, मार्चपासून उन्हाळ निघतो आणि चाळीत साठवून पावसाळाभर विकला जातो. जानेवारी ते डिसेंबर असा आलेख या हंगामाला मधोमध कापतो. द्राक्षाचेही वर्ष ऑक्टोबर छाटणीपासून चालते. म्हणून शेतमालासाठी ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि हिशेबासाठी एप्रिल ते मार्च असा अक्ष ठेवावा. दोन्ही एकाच आलेखात बसवू नयेत.

१०. अक्षावर लाख-कोटी कसे आणावेत?

उभ्या अक्षावर उजवी टिचकी मारून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडावे आणि ‘डिस्प्ले युनिट्स’मध्ये एक लाखाचा पर्याय निवडावा, तो अंकांत लिहिलेला असतो. बाजूला येणाऱ्या सूचनेच्या जागी ‘लाख रुपये’ असे टंकावे. कोटीसाठीही तसाच पर्याय आहे. गूगल शीट्समध्ये सरळ एक जादा रकाना घेऊन रकमेला एक लाखाने भागावे.

११. उभा अक्ष शून्यापासून सुरू करणे बंधनकारक आहे का?

स्तंभालेखात होय, रेषालेखात नाही. स्तंभाची लांबी हेच त्याचे म्हणणे असते; भाव १,८०० वरून १,९०० झाला आणि अक्ष १,७५० पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो, प्रत्यक्षात वाढ साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते. एक्सेल हे आपण न सांगताही करते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरक मोठ्या आकड्याच्या सुमारे १६.६७ टक्क्यांहून कमी असला, की ते अक्ष आपोआप शून्याच्या वर उचलते. म्हणून जवळजवळच्या आकड्यांच्या स्तंभालेखात ‘मिनिमम’ शून्य असल्याची खात्री हाताने करावी.

१२. आवक आणि भाव एकाच आलेखात दाखवता येतात का?

येतात. ‘कॉम्बो’ निवडून आवकेला स्तंभ आणि भावाला रेषा द्यावी आणि भावाच्या मालिकेपुढे ‘सेकंडरी ॲक्सिस’वर खूण करावी. दोन्ही अक्षांना नाव व एकक देणे सक्तीचे समजावे.

तरीही हा आलेख मी जपून वापरतो. दोन अक्षांची मापे आपण स्वतंत्रपणे ताणू शकतो, त्यामुळे रेषा स्तंभांना कोठे छेदते याला काहीच अर्थ नसतो. वाचक मात्र तेथेच बोट ठेवतो. त्याऐवजी दोन आलेख एकाखाली एक ठेवावेत आणि दोघांचा तारखांचा अक्ष तंतोतंत सारखा करावा. शिवाय भाव केवळ आवकेने हलत नाही. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठवली. या काळाचा आलेख काढताना या दोन तारखांना उभ्या रेघा मारून टीप लिहिली नाही, तर वाचक भावातील सगळी चढउतार आवकेच्या माथी मारेल.

१३. आठवड्याचा सरासरी भाव काढताना रोजच्या भावांची साधी सरासरी चालते का?

चालत नाही. सोमवारी १,००० क्विंटल कांदा २,००० रुपयांनी आणि मंगळवारी २०० क्विंटल २,६०० रुपयांनी विकला गेला असे समजू. साधी सरासरी २,३०० येते. प्रत्यक्षात १,२०० क्विंटलचे २५,२०,००० रुपये झाले, म्हणजे क्विंटलला २,१०० रुपये. ‘समप्रॉडक्ट’ने आवक व भाव यांचा गुणाकार करून एकूण आवकेने भागावे आणि तोच आकडा आलेखात न्यावा.

१४. पावसाच्या आलेखात इगतपुरीपुढे येवला-नांदगाव दिसतच नाहीत. काय करावे?

आधी प्रश्न कोणता ते ठरवावे. कोठे किती पाणी पडले हे दाखवायचे असेल तर तो आलेख बरोबरच आहे. पश्चिमेचे घाटमाथ्याचे तालुके आणि पूर्वेचे अवर्षणप्रवण तालुके यांतील तफावत हीच त्याची बातमी आहे. यंदा पाऊस नेहमीपेक्षा कमी की जास्त हे दाखवायचे असेल, तर मिलिमीटरऐवजी प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीची टक्केवारी घ्यावी आणि १०० वर एक रेघ मारावी. पाऊस कसा साचत गेला हे पाहायचे असेल तर रोजच्या आकड्यांची चढती बेरीज करून रेषालेख काढावा.

लॉगरिदमिक अक्षाचा, म्हणजे ज्यावर प्रत्येक समान पायरीला आकडा ठरावीक पटीने वाढतो अशा अक्षाचा, सल्ला काही जण देतात. तो शास्त्रीयदृष्ट्या ठीक आहे, पण त्यावर शून्य दाखवता येत नाही आणि ग्रामसभेत तो समजावून सांगण्यात वेळ जातो. स्तंभालेखाला तो लावूच नये. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

१५. फिल्टर लावला की आलेखातील माहिती नाहीशी होते. कशी परत आणावी?

एक्सेलचा आलेख लपवलेल्या ओळी आणि रकाने मुळातच दाखवत नाही. प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या खिडकीतच ‘शो डेटा इन हिडन रोज अँड कॉलम्स’ आहे, तेथे खूण करावी.

१६. नव्या ओळी भरल्या तरी आलेख जुनाच राहतो. दर वेळी पुन्हा काढावा लागतो का?

नाही. माहितीत कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबावे आणि तिचे ‘टेबल’ करावे. त्यानंतर शेवटच्या ओळीखाली टंकलेली नोंद टेबलात सामावते आणि आलेखातही जाते. मधली एक ओळ रिकामी सोडून टंकल्यास ती बाहेर राहते, आणि तक्रारींचे खरे कारण अनेकदा तेच निघते.

१७. आलेख वर्डमध्ये किंवा सादरीकरणात चिकटवताना कोणता पर्याय निवडावा?

फाइल बाहेर जाणार असेल तर ‘पिक्चर’, घरातल्या घरात दर महिन्याला बदलणारा अहवाल असेल तर ‘लिंक डेटा’. ‘एम्बेड वर्कबुक’ हा पर्याय समजून घेतल्याशिवाय वापरू नये. त्यात आलेखासोबत संपूर्ण वर्कबुक, सगळ्या शीट्ससह, त्या दस्तऐवजात जाऊन बसते.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. एका खरेदीदाराला आवकेचा एकच स्तंभालेख असलेले दोन पानी पत्र पाठवले होते. संध्याकाळी त्याचा फोन आला, की आलेखावर उजवी टिचकी मारून ‘एडिट डेटा’ केले तर ‘देणी’ नावाची शीट उघडते, ती मुद्दाम पाठवली आहे का. तिच्यात शेतकरीनिहाय बाकी होती. गृहस्थ सज्जन होते म्हणून निभावले.

१८. स्तंभालेख आणि आयतालेख यांत फरक काय?

स्तंभालेखात आडव्या अक्षावर नावे असतात आणि स्तंभांत फट असते. आयतालेखात आडव्या अक्षावर सलग मोजमापाचे वर्ग असतात आणि आयत चिकटून असतात. ३०० मण्यांचे व्यास मोजले आणि १६ ते १८ मिलिमीटर या वर्गात किती मणी आले हे पाहिले, तर तो आयतालेख. एक्सेल २०१६ पासून ‘हिस्टोग्राम’ तयार मिळतो. त्याने स्वतः ठरवलेली वर्गांची रुंदी सहसा अपूर्णांकात येते, म्हणून ‘बिन विड्थ’ २ सारखी वापरातली ठेवावी. आधीच्या आवृत्तीत ‘फ्रीक्वेन्सी’ने वर्गवार संख्या काढून साधा स्तंभालेख करावा आणि ‘गॅप विड्थ’ शून्य टक्के ठेवावी.

१९. झेरॉक्स काढल्यावर सगळ्या रेषा सारख्याच दिसतात. उपाय काय?

रंगांवर विसंबून राहू नये. रेषांपैकी एक सलग, एक तुटक आणि एक ठिपक्यांची ठेवावी, आणि बाजूच्या रंगसूचीऐवजी प्रत्येक रेषेच्या टोकाशीच तिचे नाव लिहावे. त्यासाठी शेवटच्या बिंदूवर दोनदा सावकाश टिचकी मारून केवळ त्या बिंदूला ‘डेटा लेबल’ द्यावे आणि त्यात ‘सिरीज नेम’ निवडावे. लाल आणि हिरवा यांतला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनाही हाच आलेख वाचता येतो. चारपेक्षा जास्त रेषा असतील तर या युक्तीनेही भागत नाही. तेथे दोन आलेख करावेत.

२०. संगणक नसताना मोबाइलवर आलेख काढता येतो का?

गूगल शीट्सच्या ॲपमध्ये घरे निवडून अधिकच्या चिन्हाखालील ‘चार्ट’ दाबावा. प्रकार, शीर्षक आणि रंग तेथे बदलता येतात. बारकाईची मांडणी मात्र संगणकावरच करावी, आणि मोबाइलवर तयार केलेला आलेख व्हॉट्सॲपवर पाठवण्यापूर्वी अक्षावरील तारखा एकदा मोठ्या करून वाचाव्यात, कारण लहान पडद्यावर ॲप त्यांतील काही मुकाट्याने गाळते.